माया

टेपचा पहिला इंच कधीच झिजून गेला.
मी एकपासून धरते, मनात एक वजा करते.
गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं,
नाहीतर छत्तीसच्या जागी सदतीस दिसलं
की बाई दुपारभर माझ्याच खुर्चीत बसून राहते.

अमळनेरात अखाजीआधीचे पंधरा दिवस
दुकानातला पंखा नुसता आवाज करतो.
माहेरी आलेल्या पोरी हात वर करून उभ्या राहतात,
पोट आत ओढून, श्वास धरून.
सोड, म्हणते मी, हे घालून जेवायचंय ना तुला?
सोडत नाहीत.
मग मी विचारत बसते, तिकडचं पाणी कसं,
नणंदेचं जमलं का कुठे.
बोलायला श्वास लागतो.
तेवढ्यात माप घेते.

वहीत सगळं आहे.
शोभना वाणी, बाही कोपराखाली, दंड दिसायला नको.
भारंबेंची सून, पाठ खोल,
पण सासू समोर आली की पिन लावता येईल अशी.
सासूबाईंचा गळा बंद. "आता आमचं काय व."
अलकनंदा, एमएस्सी झालेली, चौथं स्थळ.
मी म्हटलं, हिच्या सावळ्या अंगावर पिवळा उठेल.
आई म्हणाली, उठायला नको, दबला पाहिजे.
एक बाई आरसा भिंतीकडे फिरवायला लावते,
तिचं नाव नाही लिहिलं.
माझं स्वतःचं मापही नाही वहीत.
मी अंदाजानं शिवते.

आणि पैलाडची यामिनी, सुरतेला दिलेली.
लग्नात छाती चौतीस, कंबर तीस.
पहिल्या अखाजीला बत्तीस, अठ्ठावीस.
यंदा ती दारात आली
तशा बाकावरच्या बायका उठून उभ्याच राहिल्या.
"कितली बारीक व्हयनी व माय! काय खास तू?"
"काहीच नही," ती म्हणाली.
सगळ्या हसल्या.
एकीनं तर विचारलंसुद्धा, किती दिवसांत?

तीस. चोवीस.
मनगटाचं माप ब्लाउजला लागत नाही,
तरी मी टेप फिरवला.
एक वजा केला. पाच.
माझ्या शेजारच्या सहावीतल्या पोरीचं पाच आहे.
मी पाण्याचं विचारलं, नणंदेचं विचारलं.
ती बोलली नाही,
आणि तिनं श्वासही धरलेला नव्हता.
एवढंच म्हणाली, घट्टच शिवा मावशी,
घातल्यावर फोटो पाठवायचाय त्यांना.

शिवला. चोवीस म्हणजे चोवीस.
आत मात्र दोन्ही बाजूंना
अडीच अडीच इंच माया सोडली.
तिचं कापड पुरलं नाही तिथे
माझ्याकडच्या तुकड्याचा जोड दिला काखेखाली.
टाके लांब घातले, दोरा कच्चा,
चहा पिता पिता बोटानं उसवतील इतके.

घालून बघितला तिनं.
मावशी, आत जाड लागतंय काहीतरी.
लागू दे, म्हटलं.
पिशवीत घालून दिला, शिलाईचे सुटे पैसे परत केले,
उन्हात छत्री उघडून ती गेली बोरीच्या पुलाकडे.

वहीत प्रत्येकीच्या नावाखाली
पुढच्या अखाजीसाठी एक ओळ रिकामी ठेवते मी.
तिच्या नावाखाली दोन ठेवल्यात.