कारकुनाला, विहिरीच्या तोंडाशी

बस इथं. दोराला पाय लावू नकोस.
कोणाच्या राज्यात जन्मलीस, विचारतोस ना?
लिही: ज्या वर्षी सातव्या विहिरीचं तोंड ढासळलं
आणि गावानं आठ महिने
खाऱ्या पाण्यात पीठ मळलं, त्या वर्षी.
तुझ्या वहीत असं वर्ष नसेल.

नाव बेमानी. म्हणजे 'राहा गं'.
माझ्याआधीची तिघं राहिली नाहीत,
म्हणून आईनं नावातच विनवणी घातली.
राहिले.

बाप, खोदादाद, जमिनीखाली राबायचा.
डोंगराच्या पोटातून गावापर्यंत
ओणवा माणूस मावेल एवढं भुयार,
घोटाभर पाणी, एरंडेलाचा दिवा.
दिवा गुदमरला की मागं फिरायचं,
एवढंच शास्त्र.
उतरताना कपडे पांढरे:
अंधारात दिसावेत म्हणून,
आणि वर नाहीच आला
तर वेगळं कफन शिवायला नको म्हणून.
आई ते रोज धुवायची.

मी नऊ वर्षांची, रहाटावर.
दोराला एक हिसका: माती ओढ.
दोन: थांब.
तीन: मला ओढ.

इस्फहान पडलं ते आम्हाला शुक्रवारी कळलं.
बादशहाचं नाव घ्यायच्या जागी
मुल्ला नुसताच खोकला.
पुढचे पाच शुक्रवार खोकलाच.
मग घोडे आले. कोणाचे, मला अजून माहीत नाही.
विहिरींत दगड लोटले, मेलेली खेचरं लोटली,
पाणी कोणाचं म्हणून दरडावलं.
बाप खाली होता.
मी दोर आत सोडून दिला,
खाली कोणी आहे हे कळू नये म्हणून.

तीन रात्री ते आमच्या चुलीवर जेवले.
चौथ्या पहाटे, बायका भांडी घासतात तिथं
पाण्याबरोबर तो बाहेर आला,
सरपटत, मातीच्या रंगाचा.
गादीवर कोण, असं विचारलं नाही त्यानं.
दोर कुठाय, म्हणाला. चांगला दोर होता.

शूर वगैरे नव्हतो आम्ही. हेही लिही.
माझा भाऊ घोड्याच्या हौसेनं
त्यांच्याबरोबरच गेला.
दगड उपसायला चार वर्षं लागली,
तोवर नाणं दोनदा बदललं.

आणि हे तांब्याचं भांडं, बुडाला भोक असलेलं:
पाण्यावर ठेवायचं, भरून बुडालं
की एकाचा वाटा संपला.
एक सुभेदार म्हणाला, भोक मोठं करा,
जितक्या पाळ्या तितका सारा.
मीराब हो म्हणाला. भोक मोठं केलं.
सुभेदाराची धूळ खाली बसायच्या आत
शिसं ओतून पुन्हा होतं तेवढं केलं.
बघ, बोट लावून बघ. कडा लागते.

तुझ्या धन्याचं नाव काय म्हणालास?
असू दे, तूच लिही.
भांडं बुडालं. गुलअंदामच्या डाळिंबांची पाळी.
आणि थांब,
दोर हलला.
एक. दोन.
खाली माझा नातू आहे.
वही ठेव ती.
धर.