बारा सगळ्यांना दिसतो

अजमानच्या मासळीबाजारामागे
चष्म्याचं दुकान, आत पडद्याआड मी.
लायसनसाठी डोळे तपासते.
पेशावरचे, सिल्हेटचे, कोल्लमचे,
आणि मधूनच आपल्याकडचा एखादा,
आल्या आल्या गाव विचारणारा.

इलियास हमदुले, राहणार केळशी, वय सव्वीस.
बसला, हनुवटी वर केली.
पहिल्या पानावर बारा. बारा सगळ्यांना दिसतो.
दुसऱ्यावर थांबला.
"ठिपके आहेत," म्हणाला.
तिसऱ्यावर, "हेपण ठिपके."
चौथ्यावर माझ्याकडे बघून हसला,
जणू मीच काहीतरी पदराआड धरलंय.

धरलं होतं झाडांनी. फार मागे,
आपल्याला शेपूट होती तेव्हा.
हिरव्या पानांत हिरवंच फळ, तुरट, जीभ आवळणारं,
बी घट्ट होईतो कुणी हात लावू नये म्हणून.
बी झाली की तांबडं.
ज्याला ते तांबडं दिसलं त्यानं पोटभर खाल्लं,
डोंगर ओलांडून पलीकडे बसला, बी तिथं पडली.
ज्याला नाही दिसलं
तो पानं चावून झोपला.
झाडं डोळे घडवत राहिली,
डोळे झाडं रंगवत राहिले,
आधी कुणी सुरुवात केली
हे कुठल्याच खातेवहीत नाही.
माझ्या टेबलावरची ठिपक्यांची चोपडी
त्या व्यवहाराची एक मळकी पावती.

हे त्याला काय सांगणार.
म्हटलं, "रातांबे काढायचास ना लहानपणी?"
"काढायचो की. सगळे कच्चे आणायचो,
भाऊ पाठीत घालायचा.
मग मी माकडांवर नजर ठेवली.
ती जिथं हात घालतील ती फांदी माझी.
त्यांनी कधी फसवलं नाही, मॅडम.
आणि नाक होतंच. पिकलेल्याचा वास देठाशी येतो."

"सिग्नलला काय करशील?"
"वरचा लाल, खालचा हिरवा.
नाहीतर पुढची गाडी काय करते ते बघायचं."
पुढची गाडी म्हणजे पुन्हा माकडच.
हसू आवरलं नाही मला.
शिक्का मात्र नापासचा मारला.

आठवड्याने तो आमसुलं घेऊन आला.
"आईनं पाठवली. खोलीतले कुणी खात नाहीत."
रात्री डब्यात भरताना
एका सालीत चिकटून राहिलेली बी सापडली.
मिठात मुरलेली, उन्हात कडक झालेली, मेलेली.
एवढा रंग झाडानं चढवला होता,
कुणीतरी ही लांब नेईल या बोलीवर.
नेली की. विमानाच्या पोटातून, समुद्रापलीकडे,
तीन पिशव्यांत गुंडाळून.
कुठल्या वानराला एवढं लांब जमलं नसतं,
आणि कुठल्या वानरानं
ती आधी खारवली नसती.
मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली,
मग काढली,
मग खिडकीत ठेवली. तिथंच आहे.

आता तो बंदराजवळ फळांच्या गोदामात असतो.
पेट्या फोडून वास घेतो,
मालक म्हणतो तेवढ्याच दुकानात जातात.
शुक्रवारी कधी इकडं येतो.

दुकानाबाहेर एसीचं पाणी ठिबकतं.
त्या ओलीवर बोराची चार-पाच रोपं आहेत,
वरच्या झाडाखाली उभं राहून
कुणाकुणी खाऊन थुंकलेल्या बियांची.
इथं बोराला नबक म्हणतात.
झाडूवाला मोतालिब दर महिन्याला रोपं उपटतो,
एखादं विसरतो. मला वाटतं मुद्दाम.

परवा इलियासनं खाली पडलेलं एक बोर उचललं,
पॅंटीला पुसलं, देठाकडून नाकाशी धरलं.
"पिकलंय," म्हणून माझ्या हातावर ठेवलं.
मला हिरवट दिसत होतं.
खाल्लं.
आत कुणीतरी घंटी वाजवत होतं.
बी तोंडात घोळवत मी दाराशी थांबले,
पाणी नेमकं कुठं ठिबकतंय ते बघत.