दमोय

मोरजीला, टेंबाकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान.
जळालेली कॉइलं, फाटके पडदे, फेविबाँडचा वास.
आधी जत्रेतल्या नाटकांचे भोंगे दुरुस्त करायचो,
आता शॅकवाल्यांचे वूफर.

रोदिओन यायचा नोव्हेंबरात,
स्कूटरवर दोन गुडघ्यांत पंधरा इंची वूफर धरून,
तापलेल्या पोराला दवाखान्यात आणावं तसा.
"फार खालचं वाजवतोस," मी म्हणायचो.
"सगळं खालीच तर असतं," तो म्हणायचा,
आणि स्टुलावर बसून राहायचा, डिंक सुकेपर्यंत.

त्याचं काम असं:
त्याच्याकडच्या कुणा पोराचं गाणं घ्यायचं.
गाणं कसलं, बोलणंच ते, दात आवळून,
भांडून परतताना माणूस जिन्यात
स्वतःशी बोलतो तसं.
त्यातला राग काढायचा, एकेक,
पेडव्याचे काटे काढावेत तसा.
मग खाली ठोका सोडायचा
कुळागरातल्या पंपासारखा, रात्रभर न चुकणारा,
आणि वर थोडा दमट अंधार.

"रड्या गाण्यावर नाचतात?" बायको विचारायची.
मी म्हटलं, जत्रेत राणी रडते
(दिवसा ती गवंडी, तुये गावची)
तेव्हा मृदंग थांबतो का?

शेवटी गाण्यात एकच शब्द उरायचा.
दमोय. दमोय.
मला वाटायचं, दमलोय.
चार मोसम मी त्याच्याच गाण्यावर वूफर तपासले,
सोल्डरचा धूर डोळ्यांत जाताना
मीही म्हणायचो त्याच्याबरोबर,
दमलोय बाबा, दमलोय.

यंदा फेब्रुवारीत तो आला
फाटका नसलेला वूफर घेऊन. ठेव म्हणाला.
घरून कागद आलाय.
गेलो तरी पंचाईत, नाही गेलो तरी.
मला सुचेना काय बोलावं.
म्हणून विचारलं, तुझा तो पोरगा
एवढा कशानं दमलाय रे?

त्याला कळायला वेळ लागला.
मग हसला, मग हसायचा थांबला.
दमोय म्हणजे घरी.
घरात असणं नव्हे, घराकडे निघणं;
त्याला वेगळा शब्द आहे त्यांच्यात.
आमच्यात एकच.
घरी असतो, घरी जातो.
जाणारा आणि पोचलेला
आम्ही एकाच शब्दात बसवतो, दाटीवाटीनं.

दहानंतर आवाज बंद.
खाली वाळूत कासवांची अंडी आहेत,
पहारेकरी शिट्टी घालतो.
मी शटर अर्धं ओढतो,
त्याचा वूफर लावतो, इतका हळू
की कानाला काहीच नाही.
पडद्यावर तळहात ठेवतो.
ठोका येतो. मधे तो शब्द येतो.

अर्थ कळून महिना झाला.
हाताला अजून
दमलोय असंच लागतं.