आवक-जावक

वॉर्ड ऑफिसात तळमजल्याला
जन्म-मृत्यूच्या खिडकीला लागून एक टेबल आहे : आवक.
अकरा वर्षांपूर्वी ग्रेटानं आणि मी
तिथे अर्ज दिला होता.
विषय : एकत्र राहत असल्याची नोंद होणेबाबत.

'होणेबाबत' तिला फार आवडला.
कलिनापर्यंत रिक्षात घोळवत राहिली,
होणेबाबत, होणेबाबत,
जिभेखाली गोळी ठेवल्यासारखा.

सोबतचा करारनामा नोटरी सामंतांचा.
असल्या कामाचा नमुना त्यांच्याकडे नव्हता,
म्हणून त्यांनी भाडेकराराचाच मसुदा उघडला.
मालक खोडला, भाडेकरू खोडला,
पक्ष एक, पक्ष दोन,
आणि चहा येईस्तोवर
शंभराच्या स्टँपपेपरवर आमचा संसार टाइप झाला.
'भिंतींना खिळे ठोकणार नाही'
हे कलम तसंच राहिलं.
पहिल्याच रविवारी तिनं
आईचा फोटो लावला हॉलमध्ये,
चांगला तीन इंची खिळा ठोकून.

तेव्हाच्या आवकबाईंनी कागद उलटसुलट पाहिला.
लग्न? नाही.
बहिणी? नाही.
मग कुठल्या खात्याकडे पाठवू?

आम्ही पंख्याकडे बघत राहिलो.

बाई भल्या होत्या. शिक्का मारला,
जांभळी शाई, क्रमांक ४१७.
पोच म्हणजे मंजुरी नव्हे हं, म्हणाल्या.
आम्ही ती पोच लॅमिनेट करून घेतली.

आज परत आलो, दोघी, दोन रिक्षांनी.
मार्चपासून फ्रिजमध्ये दुधाच्या दोन पिशव्या असतात,
एकीवर बॉलपेननं 'ग्रे' लिहिलेलं.
आजचा विषय : नोंद रद्द होणेबाबत.
शब्द तोच.
तिनं तो उच्चारला नाही.

नव्या तांडेलबाई. कंप्युटरवर ४१७ सापडेना.
मागच्या खोलीतून रजिस्टर आणलं,
धूळ पदरानं नाही, जुन्या निविदेनं पुसली,
आणि करारनामा वाचायला घेतला.
शेवटपर्यंत.
इतका शेवटपर्यंत तो आम्हीही वाचला नव्हता.

कलम चौदावर बोट ठेवून म्हणाल्या,
हा तर अकरा महिन्यांचा आहे.
नूतनीकरण न केल्यास आपोआप संपुष्टात.
तुमचं दहा वर्षांपूर्वीच संपलंय, मॅडम.
आता रद्द काय करू?

दहा वर्षं.

म्हणजे माझं ऑपरेशन झालं तेव्हा
हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात
तिनं ठणकावून लिहिलं होतं, 'करारानुसार',
तेव्हा करार नव्हता.
तिचा भाऊ गेला, मी चर्चबाहेर
सगळ्यांच्या चपला-बुटांशेजारी उभी राहिले,
तेव्हा नव्हता.
गॅसच्या सबसिडीवरून आठ दिवस अबोला धरला, तेव्हाही.
कशाच्या आधारावर भांडत होतो इतकं?
रोज संध्याकाळी कुलूप उघडून
कुणी न सांगता
आत येत होतो फक्त.

ग्रेटा हसली. मार्चनंतर पहिल्यांदा.
आधी नाकातून, मग सगळी.
मला हसू आलं नाही. मी पर्स चाचपत राहिले,
जणू काही हरवलंय
आणि ते पर्सएवढंच आहे.

पण रजिस्टर उघडं राहिलंय, तांडेलबाई म्हणाल्या.
आवक आहे, जावक नाही.
ऑडिटला हे दिसतं.
त्यांनी दुसरं रजिस्टर ओढलं, रेघ आखली,
४१७, तारीख, निकाली,
आणि 'कोणाकडे पाठविले' पाशी थांबल्या.

काय लिहू?

रिकामं सोडा, ग्रेटा म्हणाली.
रिकामं चालत नाही.
क्षणभर विचार करून त्यांनी लिहिलं : समक्ष.
मग रजिस्टर आमच्याकडे फिरवलं.
सही करा. दोघींनी, दोघी असताना.

पेन एकच होतं, तिचं.
मी टोपण लावून परत दिलं.