रिकामी खोकी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी माझा नाताळ सुरू होतो,
तोंडात टाचण्या धरून.
बाहेर राउमाच्या गल्लीत अजून नुसता चिखल,
लोक छत्र्या झटकत औषधांच्या दुकानात शिरतात,
आणि मी काचेच्या आत, बूट काढून,
कापसाचा बर्फ अंथरत असते.

यंदाचा रंग कोणता, ते हेलसिंकीहून पत्रकात येतं.
यंदा शेवाळी, आणि जुन्या तांब्याचा.
लाल फक्त चवीपुरता.
गेल्या साली सगळं पांढरं होतं,
तेव्हा दोन म्हाताऱ्या काचेपाशी थांबून म्हणाल्या,
दुकानाचा दवाखाना केला की काय लेहतोनेनबाईंनी.

पुतळे दोनच.
एकीला मी आउलिक्की म्हणते, तिचा डावा हात निखळतो,
म्हणून दरसाल लांब बाह्यांचा कोट तिच्याच वाट्याला.
दुसरीला डोकं नाही.
तिला काहीही शोभतं.

टेबलावर ताग, इस्त्रीची घडी मुद्दाम राखलेली.
वर छताला हिम्मेली:
रायच्या काड्या दोऱ्यात ओवून केलेलं झुंबर,
इतकं हलकं, की कुणी दार उघडलं तरी
आधी त्याला कळतं.
खाली नऊ खोकी. तपकिरी कागद, तांबूस फीत,
कोपरे असे की बोट कापावं.
आत काही नाही.

घरी माझ्याकडे गेल्या सालचा कागदी तारा,
वायर चरलेली, कपाटावर पालथा.
वेन्ला विचारते, आपली खिडकी कधी?
मी म्हणते, उद्या.
ती आता विचारायची थांबली आहे, ते जास्त वाईट.

अठरा डिसेंबर, दुपारचे साडेतीन, म्हणजे रात्रच.
रेइनो आला, गोदीतला जुना वेल्डर,
टोपी काढून उभा राहिला, जणू चर्चमध्ये.
ती खोकी केवढ्याला?
रिकामी आहेत, म्हटलं.
माहीत आहे. भरलेली नकोत.
भरलेली उघडावी लागतात.

मला पुढे काय बोलावं सुचेना,
तर तोच म्हणाला, रस्त्याकडे एक खिडकी आहे मला.
मग त्याने एकेका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला,
सांधा तपासावा तसा,
आणि तीन निवडली. चौथं परत ठेवलं.
तुमची फीत इथे सुटते आहे, म्हणाला.
सुटतच होती.
पैसे घेतले नाहीत. लेहतोनेनबाईंच्या वहीत लिहिलं:
तीन खोकी, दमट लागून खराब.

चोवीसला संध्याकाळी आम्ही स्मशानात मेणबत्त्या लावून परतलो,
हजारभर ज्योती पाठीमागे, पायाखाली चिखलच,
आणि वेन्ला एकाएकी थांबली.
त्याची खिडकी.
तिन्ही खोकी एकावर एक, चुकीची रचलेली,
सर्वांत मोठं सर्वांत वर.
बाजूला वेल्डिंगचा मुखवटा, घासून लखलखीत,
काचेत रस्त्यावरचा दिवा धरून बसलेला,
आणि त्याच्या डोक्यावर लाल लोकरी टोपी.
टोपीला गोंडा, गोंड्याचे अर्धे धागे गेलेले.

मी मनात खोकी उतरवली, पुन्हा रचली.
रंग बसत नाही, म्हणणार होते.
वेन्ला हसत होती, नाक काचेला लावून,
वाफेने खिडकी धूसर करत.
माझ्या खिडकीपाशी ती इतका वेळ कधी थांबली नव्हती.
आतून कुणीतरी पडदा हलवला. आम्ही पळालो.

रात्री मी तारा सरळ केला, वायरीला चिकटपट्टी गुंडाळली.
लागला. थरथरतो, पण लागतो.

सहा जानेवारीनंतर सगळं उतरवलं.
आउलिक्कीचा कोट निम्म्या किमतीला गेला,
हात तसाच कापसात राहिला, तो शोधून पुन्हा बसवला.
कापसाचा बर्फ पोत्यात दाबून भरत होते,
तेव्हा बाहेर खरा पडायला लागला,
कुणी सांगितलेलं नसताना,
गेल्या सालच्या रंगात.