हाकेचं अंतर

बोट मंगळवारी आली, आठवड्यातली एकुलती एक.
पोलीस उतरला, मिशीवर हिम, बगलेत पाकीट.
लिअँडरने कागद धक्क्यावरच वाचला,
हातमोजे न काढता,
आणि विचारलं, "शंभर मीटर म्हणजे कुठून कुठवर?"

म्हणून पोलीस माझ्याकडे.
गावाची कारकून मी. नकाशा माझ्या कपाटात,
पाणीपट्टीच्या पावत्यांखाली.
मुलीच्या दप्तरातलं कर्कटक काढलं,
टोक रोवलं डॉर्कस कीपिंगच्या दारावर,
फिरवली पेन्सिल.

वर्तुळात आलं: दुकान.
अर्धं चर्च, वेदी आत, पायऱ्या बाहेर.
लिअँडरच्या आईची कबर.
कॉडचा कारखाना निसटला, नशीब त्याचं.
आणि समुद्राचा एक तुकडा.
पोलीस म्हणाला, तो राहू द्या.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर
चारशे मीटरचं गाव आमचं, खडकाला कालवासारखं चिकटलेलं.
त्यात शंभर मीटर म्हणजे
घोंगडीला चौकोनी भोक.
थंडी सगळ्यांना लागली, आणि सगळे बोलले:
एका बाईपायी.
प्यायला नसला की देवमाणूस हो.
आणि त्याने पाव कुठून आणायचा?

दुकानाच्या वेळा मीच वाटून दिल्या.
सकाळी, दुपारी, एवढंच लिहिलं पुठ्ठ्यावर,
नावं लिहायची गरज नव्हती.

तो संध्याकाळी विजेच्या खांबापाशी गाडी लावायचा,
इंजिन चालू, दिवे तिच्या खिडकीकडे.
मी टेप घेऊन मोजलं. एकशे तीन.
कागदात पावलांबद्दल होतं, उजेडाबद्दल काही नव्हतं.
तिने खिडकीला रजई ठोकली.
ठोकण्याचा आवाज आला आम्हाला.

चौथ्या आठवड्यात तिचा धाकटा तापाने फणफणला
आणि ती सकाळीच आली दुकानात.
दारावरची घंटी वाजून गेल्यावर तिला दिसलं,
रांगेत तो, हातात दुधाचा डबा.
आम्ही सात जण होतो.
सातही जण डब्यांवरची अक्षरं वाचू लागलो.
माझ्यासमोर वाटाणे होते. चारशे ग्रॅम.

"सकाळ माझी आहे," लिअँडर म्हणाला,
पुठ्ठ्याकडे बोट दाखवून. माझ्या अक्षराकडे.

सेल्बी फज गल्ल्यामागून बाहेर आला.
वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या हाताला तीनच बोटं,
बाकीची जाळ्याच्या दोराने नेलेली.
त्या तीन बोटांनी त्याने डबा काढून घेतला,
फळीवर ठेवला, चित्र पुढे करून, सावकाश,
आणि दार उघडून धरलं.
"सकाळ कुणाच्या बापाची नसते, लिअँडर."

वारा आत आला. पुष्कळ वेळ आत येत राहिला.
मग तो गेला.
डॉर्कसने तापाचं औषध मागितलं.
सुटे पैसे मोजताना तिचा हात
अजिबात थरथरला नाही, माझा थरथरत होता.

नंतर ती प्रती काढायला आली माझ्याकडे.
एक शाळेला, एक नर्सला, एक बोटीच्या कप्तानाला,
एक पावाच्या डब्यात ठेवायला.
मूळ कागद घड्यांवर विरला होता,
"मज्जाव" शब्दाच्या मधोमध भोक.
मुदत नव्वद दिवसांची, उरले एकसष्ट.
मी पैसे नको म्हटलं. तिने नाणी टेबलावर ठेवली,
एकावर एक, नीट.

ती गेल्यावर मी नकाशा काढला.
कर्कटक तिच्या दारावर रोवलं,
दुसरं टोक माझ्या दारापर्यंत आणलं.
अडतीस मीटर.

अकरा हिवाळे.
मध्ये लाकडाची भिंत, कुंपण, पुन्हा लाकडाची भिंत.
हाकेच्या अंतरावर, म्हणतो ना आपण, शेजाऱ्याला.
हाका आल्या होत्या.
नवरा रेडिओ मोठा करायचा,
आणि बटण त्याच्या हाताशी नसलं
तर मी.