लामारा बेबियाची फेरी

आमच्याकडे आजीला बेबिया म्हणतात.
माझी बेबिया एकतीस वर्षं अधांतरी होती.
उगाच म्हणायचं म्हणून नाही, खरोखरच:
चियातुराच्या दरीवरून जाणाऱ्या लोखंडी डब्यात,
दोन दोर आणि एका घंटीच्या भरवशावर.

खाली क्विरिला नदी, मँगनीज धुऊन धुऊन काळी.
वर खाण.
मधे ती, दाराशी, राखाडी कोटाला पितळी बिल्ला लावून.
पहाटे सहाच्या पाळीची माणसं ती तोंडानं मोजायची नाही,
एकेकाच्या खांद्याला बोट लावायची,
तिन्हीसांजेला कोंबड्या मोजाव्यात तशी.
चौदा झाले की दार ओढून घ्यायची.
पंधराव्याला म्हणायची, "तू पुढच्या फेरीला.
डोंगर काही पळून जात नाही."

डबा कसा झुलतो त्यावरून तिला कळे
कोण रात्रीची उतरायच्या आत कामावर आलाय.
बोलायची नाही काही.
त्याला फक्त दारापासून लांब उभं करायची.

पिठाची पोती नेली तिनं, शिवणयंत्र नेलं,
डुकराची पिल्लं नेली, ती तिच्या बुटांवर मुतली.
एकदा एक नवरी नेली.
तिच्या झग्याचा घोळ दारात अडकला
तेव्हा खिशातली कात्री काढून चार बोटं कापड कापलं
आणि डबा वेळेवर सोडला.
ती नवरी माझी आई.
सासूला तिनं अजून माफ केलेलं नाही.

शवपेटी मात्र कधी नेली नाही. बसायचीच नाही आत.
"मेलेल्याला कसली घाई," म्हणायची, "रस्त्यानं न्या."

मग ती अंधाराची वर्षं आली.
वीज कधी जाईल, कधी येईल, याचा नेम नाही,
पगार सात महिने नाही.
आजोबा ओरडायचे, फुकट कशाला मरायला जातेस?
ती कोटाची बटणं लावत म्हणायची,
"घरी बसले तर तुमच्याशी बोलावं लागेल."

त्या हिवाळ्यात मी सात वर्षांची, तिचा डबा घेऊन गेलेली,
आणि दोर मध्येच थांबला.
सहा तास. अकरा माणसं. काचेवर आतून बर्फ.
बेबियानं फडक्यातली मक्याची भाकरी सोडली, तुकडे केले,
सगळ्यात मोठा स्वतःला ठेवला.
"तुम्ही उतराल," म्हणाली, "मला परत जायचंय."
झाऊर नावाचा एक दांडगा खाणकामगार
रडायला लागला, आईला हाका मारायला लागला.
तिनं त्याच्या हातात घंटीची दोरी दिली:
"ही घट्ट धर. सोडलीस तर बघ."
वीजच नाही तर घंटी कुठली वाजणार,
हे तिला ठाऊक होतं, त्यालाही.
पण सहा तास त्यानं ती धरून ठेवली
आणि एकदाही खाली पाहिलं नाही.

फेब्रुवारीत ती गेली.
स्मशान पलीकडच्या माथ्यावर.
तिच्या दोरानं पाच मिनिटं,
ट्रकनं, बर्फातून, एकोणीस वळणं, जवळजवळ तास.
वर आता नवे डबे फिरतात, सगळी काच,
दारं आपली आपण मिटतात,
आत बिल्लेवालं कुणी नसतं.
एक रिकामा गेला. एकात दोघं होती, मोबाइलवर.

ट्रकमध्ये पेटीभोवती आम्ही दाटीवाटीनं उभे.
काय झालं मला कोण जाणे,
मी बोट लावत मोजू लागले:
काका, काकू, आई, तिचे ओठ घट्ट मिटलेले,
शेजारची त्सियुरी, तिची मुलं,
म्हातारा झाऊर, पेटीची दोरी मनगटाला गुंडाळून.
चौदा भरले.
मग लक्षात आलं, स्वतःला मोजायचं राहिलं.

वळणावर ट्रक कलला.
"सावकाश," कोणीतरी म्हणालं.